घरटी एक माणूस

पृथ्वीच्या पोटात दोनशे किलोमीटर खोल काय शिजतंय हे ऐकायला सरकारनं जी माणसं पगार देऊन बसवली होती, त्यांत त्या भागातली अशी प्रणाली निकुरे एकटीच होती. बाकीचे नागपूर, पुणे, हैदराबादहून आलेले. त्यांच्या लेखी कारवाटोला म्हणजे पडद्यावरचा एक हिरवा ठिपका. प्रणालीच्या लेखी तिथं तिचं घर होतं. तिचा धाकटा भाऊ होमराज गावचा पोलीस पाटील होता, त्याची बायको छबी होती, शाळेत जाणारी त्यांची रुणझुण होती, आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत माय होती.

गाव गडचिरोलीच्या पूर्व टोकाला, छत्तीसगडच्या हद्दीला चिकटून. आजूबाजूला जंगल, जंगलात मोहाची झाडं, आणि त्या सगळ्याखाली भारतातल्या अतिप्राचीन जमिनीचा एक तुकडा, ज्याची मुळं कवचाखालच्या प्रावरणात खोलवर गेलेली. ही मुळं जाड आणि थंड असतात. हिरे असतात ते तिथंच.

हिरा ज्वालामुखीत तयार होतो असं पुष्कळ शिकलेल्या माणसांनाही वाटतं. तसं नाही. हिरा त्याच्या कितीतरी आधी, अब्जावधी वर्षांपूर्वी, त्या मुळांशी तयार होऊन निवांत पडलेला असतो. त्याला वर आणणारा किंबरलाइट नावाचा खडक हा नुसता हमाल. दोनशे किलोमीटर खोल प्रावरणाचा अगदी थोडा अंश वितळतो आणि त्या रसात कार्बन डायऑक्साइड ठासून भरलेला असतो. रस वर चढू लागला की दाब कमी होतो, वायू सुटतो, रस हलका होऊन जोरात चढतो, म्हणून आणखी वायू सुटतो. सोड्याच्या बाटलीचं बूच उघडल्यावर होतं तेच. हा हमाल रेंगाळला तर हिऱ्यांचं वाटेतच ग्राफाइट होऊन जाईल. तो रेंगाळत नाही. घाट चढणाऱ्या एसटीच्या वेगानं तो निघतो आणि शेवटी शेवटी कुणालाही मोजता येणार नाही अशा वेगानं जमीन फोडून बाहेर पडतो. लिहितावाचता येणाऱ्या माणसानं असा उद्रेक कधी पाहिला नव्हता. पृथ्वीनं ही खोड आता सोडली असावी, असंच सगळे समजून चालले होते.

मग नवे गुरुत्वमापक आले. खोल विवरांत उतरवलेली ती यंत्रं आणि मैलोन्‌मैल पुरलेल्या तारा यांना पाताळातल्या वितळलेल्या रसाची हालचाल कळू लागली. कारवाटोल्याच्या खाली असा एक साठा आहे आणि तो झोपलेला नाही, हे कळलं तेव्हा प्रणाली पीएच.डी. संपवून नोकरी शोधत होती. गावातली पहिली शिकलेली मुलगी गावाच्याच पोटाला कान लावून बसली म्हणून गावानं तिचा सत्कार केला होता. पुढं तिला त्याचं हसूच आलं असतं, जर हसायला काही उरलं असतं.

पहिला इशारा वाजला तो ऐन मोहाच्या दिवसांत. रसाचा एक लोट मुळापासून सुटला आणि वर निघाला. बसेस आल्या, पोलिसांनी घरं रिकामी केली, अख्खं गाव घाटाखालच्या बोरीटोल्याच्या आश्रमशाळेत नेऊन ठेवलं. लोट एकशेदहा किलोमीटरवर येऊन थबकला आणि तिथंच थिजला. लोक परत गेले तेव्हा झाडाखाली पडलेला मोहा कुजला होता, उरलेला डुकरांनी खाल्ला होता. ज्यांच्या घरात वर्षाचं मीठमिरची मोहावर चालतं त्यांना हे काय ते विचारावं. लोकांनी मुकाट्यानं सोसलं. यंत्र नवीन आहे, चुकणारच, असं होमराजनंच सगळ्यांना समजावलं.

दुसरा इशारा पुढच्या वर्षी, पुन्हा उन्हाळ्यातच. या वेळी लोट सत्तर किलोमीटरपर्यंत आला आणि अडकला. पत्र्याच्या वर्गखोल्यांत शंभरावर माणसं कोंबलेली, पंखे बंद. मायला ऊन लागलं. निरीक्षण केंद्रातून निघून प्रणाली पोचली तेव्हा मायच्या कपाळावर कुणीतरी ओला टॉवेल ठेवला होता आणि तोही वाळून गेला होता.

स्मशानातून परतताना होमराज तिला एवढंच म्हणाला, "तुह्या यंत्रानं मारलं मायले." त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. फोन उचलायची ती छबी, तेही तो घरात नसताना. राखी पाठवली तर परत आली नाही, पण पोचल्याचंही कुणी कळवलं नाही. प्रणाली केंद्राच्या क्वार्टरमध्ये एकटी राहायची. स्वयंपाक करताना मायच्या हाताची चव येते का बघायची आणि आली की जेवण जायचं नाही.

अशा माणसाला कामात डोकं खुपसण्याशिवाय गत नसते. प्रणालीनं दोन्ही लोटांची मापं पुन्हा पुन्हा तपासली आणि तिला एक गोष्ट दिसली. लोट अडकले ते दैवानं नव्हे. वर चढताना रस भोवतालचा खडक खातो. त्या खडकातलं एक खनिज त्यात विरघळतं, त्या भानगडीत रसाची उष्णता जाते, तो घट्ट होतो आणि थिजतो. पण थिजताना तो वाटेच्या भिंतींना लिंपून जातो. पुढच्या रसाला त्या भिंतींत खाण्यासारखं काही उरत नाही. कोरड्या पाटात सोडलेलं पहिलं पाणी अर्ध्यावरच जिरतं, दुसरं पुढं जातं आणि तिसरं शेतात पोचतं, तसं. म्हणजे प्रत्येक खोटा ठरलेला इशारा खऱ्याचा रस्ता बांधत होता. आणि प्रत्येक खोट्या इशाऱ्यागणिक गावाचा विश्वास उडत होता. दोन्ही कामं एकाच लोटानं होत होती, हे तिला फार क्रूर वाटलं.

केंद्राच्या प्रमुख डॉ. मृदुला ओगले. साठीच्या, कमी बोलणाऱ्या, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधत फिरणाऱ्या. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मान्यही केलं. त्यांचा प्रश्न एकच होता: तिसरा लोट कुठवर येईल? प्रणालीचं गणित सांगत होतं, चाळीस किलोमीटरच्या आसपास. तिथं प्रावरण संपतं, वरचं कवच सुरू होतं, खडक बदलतो. तिसरा तिथं अडकावा, चौथा बाहेर यावा. मात्र चुकीला जागा बरीच होती. ओगलेबाई म्हणाल्या, तर मग तिसऱ्यालाही गाव रिकामं व्हायलाच हवं, कुणी काही म्हणो. प्रणालीलाही तेच म्हणायचं होतं.

फाल्गुन सरता सरता होमराज तिच्या क्वार्टरवर आला. न कळवता, मोटारसायकलवरून. दारात उभा राहून चपला काढू की नको अशा विचारात पडला. तिनं हात धरून आत घेतलं. त्यानं छबीनं दिलेले मोहाचे लाडू पुढं केले, चहा घेतला, रुणझुणच्या शाळेचं सांगितलं. तो येईल म्हणून दोन वर्षं ती मनातल्या मनात काय काय बोलून बसली होती. त्यातलं एक अक्षर आठवेना. तो समोर बसलाय, बशीत चहा ओततोय, एवढ्यानंच तिला भरून आलं.

मग तो मुद्द्यावर आला. गावाची बैठक झाली होती. भोंगा पुन्हा वाजला तर गाव हटून बसणार नाही, पोलिसांशी भांडणार नाही. गावात तळ्याचा गाळ काढायचा असो, रस्ता करायचा असो की कुणाच्या लग्नाचा मांडव घालायचा असो, हाक आली की घरटी एक माणूस जातो आणि ते घर आलं असं धरलं जातं. बापजाद्यांपासूनची ही रीत. या कामालाही तसंच करायचं ठरलं होतं. घरटी एक माणूस बोरीटोल्याला जाईल, बाकीचे पोलीस यायच्या आत जंगलात शिरतील आणि मोहा वेचतील. शिबिरात हजेरी घेतात तीही घरावारीच. साहेब लोक बसमधून उतरलेली डोकी मोजत नाहीत, कारवाटोल्याची घरं सगळी आली का तेवढं पोलीस पाटलाला विचारतात. पोलीस पाटील तोच होता.

"तू फक्त साहेबाईले सांगजो नोको," तो म्हणाला. "तुले तर गावची रीत माहीत हाये, बाई."

दोन वर्षांनी त्यानं मोठ्या बहिणीला म्हणतात तसं तिला बाई म्हटलं होतं. तिनं पाटाचं, भिंतींचं, लिंपणाचं सगळं समजावून सांगितलं. त्यानं नीट ऐकलं. तो काही अडाणी नव्हता. शेवटी त्यानं विचारलं, तिसरा बाहेर येणार असं तू छातीठोक सांगतेस का? तिला तसं सांगता येईना. शास्त्रज्ञाला खोटं बोलायचं नसतं म्हणून ती खरं तेच बोलली: बहुतेक चाळीसवर अडकेल, चौथ्याला मात्र सगळ्यांनी निघायलाच हवं. होमराज लगेच कबूल झाला. चौथ्याला तो स्वतः एकेकाला बसमध्ये घालणार होता. तिनं होकारार्थी मान हलवली. भाऊ पुन्हा उठून जाऊ नये यासाठी तिनं ती मान हलवली, हे तिला त्याच क्षणी कळत होतं. तो गेल्यावर तिनं लाडू खाल्ला. बऱ्याच दिवसांनी तिला जेवणही गेलं.

तिसरा लोट चैत्रात सुटला, दुपारी. संध्याकाळी भोंगा वाजला. बसेस बोरीटोल्याला लागल्या तेव्हा केंद्रातर्फे शिबिरावर प्रणालीची नेमणूक होती. आधी मोटारसायकलवरून होमराज आला, मागोमाग बसमधून म्हातारेकोतारे, गुडघ्याच्या दुखण्यानं मोहा वेचायला न वाकू शकणाऱ्या बाया, एकदोन आजारी. सगळे अंघोळ करून, बरे कपडे घालून आले होते. तहसीलच्या माणसानं विचारलं आणि होमराजनं सगळी घरं आल्याचं सांगितलं. शिबिर इतकं शांत आणि शिस्तीचं बघून त्या माणसाला बरं वाटलं. ओगलेबाईंचा फोन आला तेव्हा प्रणाली म्हणाली, "घरं सगळी आलीत." वाक्य खरं होतं. तिच्या जिभेला ते फार जड गेलं.

पहाटे लोटानं एकशेदहाची खूण ओलांडली. सत्तरच्या जवळ त्याचा वेग किंचित पडला. प्रणालीनं हातातल्या पडद्यावर तो पडताना पाहिला आणि देवाला मानत नसूनही मायच्या कुलदेवीला काहीतरी कबूल केलं. या वेळी गावाकडं उजाडता उजाडता छबी आणि रुणझुण टोपल्या घेऊन झाडाखाली पोचल्या असणार. मोहा रात्रभर टपटपतो आणि उन्हं चढायच्या आत वेचावा लागतो. लोट सत्तरच्या पलीकडं सरकला. हरकत नाही, तिनं स्वतःला समजावलं. सत्तरवर थांबणार नाहीच असं ती आधीपासूनच म्हणत होती.

सकाळी पोहे वाटत होते तेव्हा तो चाळीसवर आला आणि थांबला नाही. उलट वेग वाढला. कवचातल्या एका जुन्या फटीची तिच्या गणितात नोंद नव्हती. कुणाच्याच गणितात नव्हती. ओगलेबाईंचा फोन लगेच आला. त्यांचा आवाज तिनं असा कधी ऐकला नव्हता.

"वर येतोय. अर्धा तासही नाही, प्रणाली. नशीब की गाव रिकामं आहे."

 तेव्हा प्रणालीनं सांगितलं, घरटी एकच माणूस आलाय, बाकीचे मोहाखाली आहेत.  नागपूरचं हेलिकॉप्टर, घाटाचा रस्ता, जंगलात नसलेला टॉवर, सगळं त्या दोघींना पाठ होतं. घाट चढून कारवाटोल्याला पोचायला रिकाम्या रस्त्यावरही तासाच्या वर लागायचा. ओगलेबाई केंद्रातूनच गावातला भोंगा पुन्हा वाजवायला लागल्या. तो संध्याकाळपासून मधून मधून वाजतच होता. वेचणाऱ्यांनी त्याकडं मान वर करून तरी पाहिलं का, हे आता कुणालाच कधी कळणार नाही.

प्रणाली वर्गखोलीच्या पडवीत उभी राहिली. समोर मैदानात मोटारसायकली लावलेल्या होत्या. बसशिवाय स्वतःच्या गाडीनं आलेले पाचसात जण होते, त्यांत होमराज. शिबिराचं फाटक उघडं होतं. तिनं आत्ता तोंड उघडलं असतं तर हे सगळे घाटाकडं धावले असते. त्यातलं कुणीही वेळेत पोचलं नसतं. ज्यांच्याकडं गाडी होती ते मात्र घाटाच्या वरच्या अंगाला पोचले असते, जिथं राख, दगड आणि जमिनीला धरून वाहणारा तो जड विषारी वायू पहिल्यांदा येणार होता. गावातले जाणारच होते. इथले राहावेत की नाही, एवढंच तिच्या हातात उरलं होतं. असं काही माणसाच्या हातात कधी येऊ नये.

होमराज पोह्यांची बशी घेऊन तिच्याकडे आला. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचे हात थांबले.

"काऊन, बाई? काय झालं?"

"काई नाई," ती म्हणाली. "अडकला. चाळीसवर अडकला."

त्यानं डोळे मिटून सुस्कारा टाकला. मग मैदानाकडं तोंड करून सगळ्यांना ओरडून सांगितलं. म्हाताऱ्यांनी हात जोडले, बाया हसल्या, कुणीतरी चहाचं पातेलं पुन्हा चुलीवर ठेवलं. घरी केव्हा सोडणार असं एकानं विचारलं, तेव्हा प्रणाली म्हणाली, ऊन उतरल्यावर, आज सगळ्यांनी जेवूनच जायचं आहे. होमराजनं आपली बशी तिच्या हातात दिली आणि स्वतःसाठी दुसरी आणायला गेला. परत येऊन तिच्या शेजारी पायरीवर बसला. या वर्षी फूल चांगलं धरलंय, म्हणत होता. छबीनं नवीन टोपल्या आणल्यात, रुणझुणनं आपल्यासाठी लहान टोपली मागून घेतली. पुढच्या वर्षी तिला नागपूरला शिकायला ठेवावं का, तुझ्या ओळखीनं कुठं होईल का, असं त्यानं विचारलं. प्रणाली पोहे चावत राहिली.  तिनं सांगितलं, होईल.

जमीन हलली ती फार नाही. पातेल्यावरची झाकणं वाजली, कुत्री भुंकली. मग बराच वेळ काही नाही, आणि मग आवाज आला. घाटाच्या वर, पूर्वेला, एक काळा खांब सरळ आकाशात चढत गेला, चढतच गेला, आणि वर जाऊन पसरला. मैदानातली माणसं एकेक करून उभी राहिली.  त्यांतल्या प्रत्येकानं आपलं घर मागं ठेवलं होतं.

होमराज खांबाकडे पाहत नव्हता. तो तिच्याकडे पाहत होता.

"तुले माहीत होतं?"

"हो."

तो गाडीकडं धावला. किक मारली, फाटकातून बाहेर पडला, आणि घाटाच्या पहिल्याच वळणावर पोलिसांनी आडव्या लावलेल्या जीपपाशी त्याला पाडून धरून ठेवलं. तोवर राख पडायला लागली होती. त्याला धरायला तीन माणसं लागली, असं नंतर त्यांतलाच एक सांगत होता.

चौकशी झाली. प्रणालीनं काही लपवलं नाही; गावची रीत, लाडू, हजेरी, पडवीतलं ते एक खोटं वाक्य, सगळं सांगितलं. नोकरी गेली. आणखी काय जायचं ते कोर्टात ठरायचं होतं. कारवाटोल्यातल्या उरलेल्या माणसांपैकी एकानंही तिच्याविरुद्ध साक्ष दिली नाही. बाजूनंही दिली नाही. जिथं गाव होतं तिथं आता एक खोल, गोल खड्डा होता. त्याच्या कडेच्या निळसर मातीत हिरे सापडल्याची बातमी सहा महिन्यांत आली आणि तारांचं कुंपण पडलं. अब्जावधी वर्षं पाताळात पडून राहिलेले ते दगड एका सकाळीत वर आले होते. पाहायला परदेशातून लोक येत होते. माणसं किती गेली ते बातमीच्या शेवटच्या ओळीत असायचं.

बोरीटोल्याच्या पुनर्वसन वसाहतीत सरकारनं कुटुंबागणिक एक घर दिलं. प्रत्येक घरात एकच माणूस राहत होता. पुढच्या उन्हाळ्यात प्रणाली तिथं गेली. होमराज दारातल्या खाटेवर बसला होता. एवढी मोठी दाढी तिनं त्याच्या तोंडावर कधी पाहिली नव्हती. त्यानं तिला बसायला सांगितलं नाही, जा म्हणूनही सांगितलं नाही. ती खाली उंबऱ्याशी बसली. मग तो बोलला.

"मले जाऊ द्याले पायजे होतं, बाई."

"तू पोचला नसता."

"माहीत हाये." तो तिच्याकडं पाहत नव्हता. "अर्ध्या रस्त्यात तं राहिलो असतो. त्याईच्याकडं तोंड करून."

 तिनं ज्याला वाचवलं होतं तो हा नव्हता, हे तिला दिसत होतं. आणि पुन्हा तीच वेळ आली तर ती पुन्हा तेच करील, हेही तिला माहीत होतं, आणि ते त्याला सांगायचं धैर्य तिच्यात नव्हतं.

"पुन्हा येईन का तो?" त्यानं विचारलं.

पहिल्यांदाच तिला नक्की उत्तर देता येत होतं. खालचा साठा संपला होता, रस्ता थिजून बंद झाला होता. कित्येक लाख वर्षं तिथून काही यायचं नव्हतं. तिनं तसं सांगितलं.

होमराजनं तिच्याकडं पाहिलं. ती खरं बोलतेय की नाही हे ठरवायचा त्यानं थोडा वेळ प्रयत्न केला, मग सोडून दिला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.